‘मला समजावून सांगण्यात आले आहे’ : एका संमतीपत्राची समीक्षा

या मालिकेत आजवर कादंबऱ्यांवर, आत्मचरित्रांवर, नाटकांवर बोलणं झालं. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत तो पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही. त्याच्यावर लेखकाचं नाव नसतं. वाचक शेकड्यांनी असतात, वाचणारे फार थोडे, आणि प्रत्येकाला शेवटच्या पानावर सही मात्र करावी लागते. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाच्या हातात जे माहितीपत्रक आणि संमतीपत्र दिलं जातं, तो हा मजकूर. आयोजकांनी विचारलं, सर, हे समीक्षेच्या मालिकेत बसतं का? आम्ही म्हणालो, मराठीत छापलेलं आहे, माणसाशी बोलतं आहे, त्याच्याकडून काहीतरी करवून घेतं आहे. मग का बसू नये?

संदर्भापुरतं स्वतःबद्दल. आम्हाला मधुमेह होऊन वीस वर्षं उलटली. टाइप दोनचा, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असतो तो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका रुग्णालयात नव्या गोळीची चाचणी चालू होती, तिच्यात आम्ही वर्षभर होतो. रुग्णालयाचं, कंपनीचं, गोळीचं नाव घेत नाही. आजच्या मुद्द्याला त्याची गरज नाही. नेहमीची औषधं चालू ठेवायची आणि त्यांवर ही एक गोळी. ती औषधाची आहे की नुसती खडूची, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. मधुमेहाच्या बहुतेक चाचण्या अशाच असतात. कुणाला उपचाराविना ठेवत नाहीत, आहे त्या उपचारावर भर घालतात, आणि साखर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर जादा औषध देऊन सावरून घेतात. हे आधी सांगून टाकतो, कारण ‘चाचणी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच पिंजऱ्यातला उंदीर येतो.

तर मजकूर. आमच्या प्रतीची सतरा पानं होती. सोळा पानं कुणीतरी ‘आपण’ म्हणून आमच्याशी बोलत होतं. ‘आपणास भेटीस यावे लागेल’, ‘आपल्या रक्ताचा नमुना घेण्यात येईल’. सतराव्या पानावर एकदम ‘मी’ आला. ‘मला समजावून सांगण्यात आले आहे. मी स्वेच्छेने सहभागी होत आहे.’ हा ‘मी’ कोण? कथेत प्रथमपुरुषी निवेदक असला की आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो, निवेदक म्हणजे लेखक नव्हे. इथे तर उलटीच गंमत आहे. लेखक कुणी तिसराच आहे, त्याने ‘मी’ आधी लिहून ठेवला आहे, आणि वाचकाने त्या ‘मी’च्या अंगात शिरून खाली सही करायची आहे. आमच्या तोंडचं वाक्य आमच्याआधी तयार होतं. आम्हाला काय समजलं हेसुद्धा आम्ही समजून घेण्याआधीच छापून झालं होतं.

आणि ती क्रियापदं बघा. ‘समजावून सांगण्यात आले आहे.’ कुणी सांगितलं? मराठीत ‘-ण्यात येणे’ हा प्रयोग सरकारी परिपत्रकांनी रुजवला. रस्ता बंद करण्यात आला आहे. कुणी बंद केला ते विचारायची सोय नाही. ‘डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं’ असं लिहिलं असतं तर उद्या कुणी विचारलं असतं, कुठल्या डॉक्टरांनी? किती वेळ? संमती ही दोन माणसांमधली गोष्ट आहे. या वाक्यात एकच माणूस उरतो, आणि तोही ‘मला’ अशा चतुर्थीत. त्याच्याकडे काहीतरी येतं, तो घेतो. आम्ही व्याकरणाचे प्राध्यापक नव्हे, पण जबाबदारी कुठे गळाली हे शोधायला कधीकधी व्याकरणच उपयोगी पडतं.

‘संमती’ हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात मोठ्या गदारोळातून आला आहे, हे इथे आठवायला हवं. १८९१चा संमतिवयाचा कायदा. टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला, हे आपण शाळेत शिकतो. मुलीचं वय दहावरून बारावर नेलं, त्याला संमतीचं वय म्हटलं. संमती देणाऱ्या मुलीला त्या सगळ्या वादात कुणी काही विचारलं होतं काय? त्याआधी रखमाबाईंचा खटला झाला होता. लहानपणी, आपल्या संमतीवाचून झालेलं लग्न आपल्याला बांधील नाही, असं म्हणायला एक बाई मुंबईच्या हायकोर्टात उभी राहिली, तर १८८७ साली निकाल काय, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढे प्रकरण मिटलं, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आम्हाला यातलं एवढंच घ्यायचं आहे की आपल्याकडे ‘संमती’ या शब्दाने सुरुवातीपासून दुसऱ्याने ठरवलेली एक रेषा दाखवली. होकार देणाऱ्याचं मन त्या शब्दात फार उशिरा आलं. संमतीपत्रात ते आलं आहे का, हा आजचा प्रश्न.

कायद्याला ते यायला हवं आहे. १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं आहे. १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा झाला, तो डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी केला. आपल्याकडे २०१९चे नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम आहेत. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकातला माणूस असेल तर संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. आणि नियम म्हणतो, नुसती माहिती देणं टिपू नका, त्या माणसाला ती समजली हेही टिपा. आता आम्ही चौतीस वर्षं वर्गात ‘समजलं का?’ असं विचारत आलो. चौतीस वर्षं सगळ्या वर्गाने ‘हो सर’ म्हटलं. उत्तरपत्रिका आल्या की कळायचं. कॅमेऱ्यात ‘हो’ येतं. समजणं यायचं असेल तर माणसाला त्याच्या शब्दांत परत सांगू द्यायला हवं, आणि त्याला वेळ लागतो. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या वीस जणांच्या रांगेत तो नसतो.

त्या रांगेतले एक गृहस्थ आम्हाला विसरता येत नाहीत. मार्केट यार्डातून माल उचलून हातगाडीवर भाजी विकणारे, पन्नाशीचे. ते पत्रक वाचत होते, खरंच वाचत होते, बोट ठेवून. ‘यादृच्छिक’ शब्दावर बोट थांबलं. समन्वयक मुलीला म्हणाले, ताई, हे काय? ती चांगली मुलगी होती. म्हणाली, काका, म्हणजे कुणाला कुठली गोळी द्यायची ते कॉम्प्युटर ठरवणार. त्यावर हे म्हणाले, म्हणजे डॉक्टर नाही ठरवणार?

ती म्हणाली, नाही.

इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण अख्ख्या चाचणीचं तत्त्वज्ञान या एका प्रश्नात आहे. ‘यदृच्छा’ हा आपला जुना शब्द. श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीलाच जगाचं कारण काय असावं याची यादी आहे: काळ, स्वभाव, नियती, आणि त्यांच्या पंक्तीला यदृच्छा. म्हणजे उगीच, कुणी न ठरवता झालेलं. एवढा भारदस्त शब्द घालण्यापेक्षा ‘चिठ्ठ्या टाकून ठरवू’ असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? आम्हाला वाटतं, बिघडलं असतं. कारण चिठ्ठ्या टाकणं सगळ्यांना कळतं, आणि कळलं की माणूस तोच प्रश्न विचारतो जो या काकांनी विचारला. मी ज्याच्याकडे आलो तो माझं बघून ठरवणार नसेल तर तो माझा डॉक्टर आहे का?

१९८२ साली पॉल अ‍ॅपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णांच्या चाचण्यांमध्ये हे पाहिलं. सगळं सांगूनही बऱ्याच जणांना वाटत होतं की आपल्याला कुठला उपचार मिळणार हे आपल्या गरजेप्रमाणे ठरलं आहे. त्याला त्यांनी उपचाराचा गैरसमज असं नाव दिलं. माणूस वेडा असतो म्हणून असं होत नाही. आयुष्यभर ‘डॉक्टर माझ्या भल्याचं करतात’ हे धरून जगलेला माणूस एका छापील वाक्याने ते सोडत नाही. आमच्या काकांना गैरसमज झाला नव्हता. पत्रकाने झाकलेली गोष्ट त्यांनी उघडी केली.

मग डॉक्टर न ठरवता औषध देणं नीतीला धरून कसं? याचं चांगलं उत्तर बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ साली दिलं. एखाद्या डॉक्टरला काय वाटतं हे बाजूला ठेवा. जाणकारांच्या सगळ्या समूहातच जर प्रामाणिक दुमत असेल, कुठला उपचार बरा हे खरोखर कुणाला माहीत नसेल, तर चिठ्ठी टाकण्यात कुणाचं नुकसान जाणूनबुजून होत नाही. ऐकायला हे सोयीचं वाटतं. विद्यार्थी म्हणायचे, सर, माहीत नाही म्हणतात, पण मनातून माहीत असतंच की. या शंकेला उत्तर द्यायला मधुमेहाच्या क्षेत्राइतकं दुसरं ठिकाण नाही.

अ‍ॅकॉर्ड नावाची चाचणी. अमेरिका आणि कॅनडातले १०,२५१ मधुमेही, सगळे हृदयविकाराचा धोका असलेले. एका गटाची साखर औषधांनी खूप खाली आणायची, एचबीएवनसी ६च्या आत, म्हणजे मधुमेह नसलेल्या माणसासारखी. दुसऱ्या गटाची ७ ते ७.९च्या दरम्यान राहू द्यायची. आम्हाला जर त्या दिवशी विचारलं असतं की कुठल्या गटात टाकू, तर आम्ही डोळे मिटून पहिला मागितला असता. तुम्हीही मागितला असता. ‘शुगर कंट्रोलमध्ये’ यापेक्षा मोठा आशीर्वाद मधुमेह्याला माहीत नाही. आणि २००८च्या फेब्रुवारीत तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण कसून उपचार केलेल्या गटात मृत्यू जास्त होत होते. सरासरी साडेतीन वर्षांत २५७ विरुद्ध २०३. आकडा सुधारत होता, माणसं जास्त मरत होती. नेमकं कशामुळे, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण निवड ‘मनातून माहीत असलेल्या’ डॉक्टरवर सोडली असती तर हे कधीच कळलं नसतं. त्याने सगळ्यांनाच पहिल्या गटात घातलं असतं.

आता हा भाग आमच्या दृष्टीने सगळ्यात अवघड आहे. पुढे मार्गदर्शक सूचना बदलल्या. वय झालेल्या, बरेच आजार असलेल्या माणसाची साखर फार खाली खेचू नये, त्याचं लक्ष्य सैल ठेवावं, असं म्हणायला लागले. आज आमचे डॉक्टर म्हणतात, सर, तुमच्या वयाला साडेसात चालेल. त्या ‘चालेल’च्या मागे कोण आहे? ते २५७ जण आहेत. आम्ही त्यांची नावं ऐकलेली नाहीत, त्यांनी आमचं ऐकलेलं नाही.

हान्स जोनास या जर्मन तत्त्वज्ञाने १९६९ साली माणसांवरच्या प्रयोगांविषयी एक निबंध लिहिला. आम्ही तो पुष्कळ वर्षं एम.ए.ला शिकवला. जोनास म्हणतात, वैद्यकातली प्रगती ही ऐच्छिक गोष्ट आहे. ती हळू झाली तर समाज बुडत नाही, पण माणसाला साधन करून वापरायची सवय लागली तर समाज बुडतो. आणि प्रयोगासाठी माणसं हवीच असतील तर पहिली रांग संशोधकांनी स्वतः लावावी. ज्यांना सगळं समजतं, ज्यांना नाही म्हणता येतं, त्यांच्यापासून सुरुवात करावी. गरीब, आजारी, परावलंबी यांच्याकडे अगदी शेवटी यावं. किती सरळ गोष्ट आहे! आणि प्रत्यक्षात रांग बरोबर उलटी लागते.

तरी जोनास यांच्याशी आमचं एका ठिकाणी जमत नाही. ऐच्छिक प्रगती हे निरोगी माणसाचं वाक्य आहे. १९२२च्या जानेवारीत टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. तो अर्क अशुद्ध होता, पहिल्यांदा नीट लागूही पडला नाही. बारा दिवसांनी सुधारलेला अर्क दिला तेव्हा साखर उतरली. त्या मुलासाठी ती प्रगती ऐच्छिक होती का? शिवाय आपल्याकडे ऋण ही कल्पना आहे. माणूस जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो असं जुने लोक मानत: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. ऋण मानणं आणि वसुलीला माणूस पाठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही रोज सकाळी जी मेटफॉर्मिन घेतो ती कुणावर तरी तपासून झाली आहे. ब्रिटनमधली यूकेपीडीएस नावाची चाचणी १९७७ साली सुरू झाली, ५,१०२ नव्याने निदान झालेले रुग्ण, निकाल १९९८ साली लागले. वीस वर्षं ते लोक येत राहिले, रक्त देत राहिले. ते ऋण आहे असं आम्ही मानतो. समाजाने, त्यातही कंपनीने, ‘तुमचं ऋण आहे, या’ असं म्हणून आम्हाला बोलवावं हे मात्र आम्हाला मान्य नाही. आमच्या पत्रकात एक वाक्य होतं की आपल्या सहभागाने पुढील पिढ्यांना फायदा होईल. खरं असेल. पण ऋणको स्वतःहून म्हणतो तेव्हा ते वाक्य उदात्त असतं; वसुली करणाराच ते बोलायला लागला की जपून ऐकावं.

मग आमच्याच देहावर चाचणी का हवी, परदेशातली का चालत नाही, असंही विचारतात. चालत नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाच्या आत चरबी दुपटीहून जास्त. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर चाचणी केली, निकाल २००६ साली आले. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातले ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. अमेरिकेतल्या तशाच चाचणीत हे प्रमाण साधारण २९ टक्के होतं. चालणं-खाणं बदललेल्या गटात चेन्नईला ते ३९ टक्क्यांवर आलं, आणि मेटफॉर्मिननेही जवळजवळ तेवढंच, तेही अमेरिकेतल्यापेक्षा खूप कमी मात्रेत. हे इथल्या लोकांनी भाग घेतला नसता तर कसं कळलं असतं? चाचण्या नकोतच असं म्हणणाऱ्यांबरोबर आम्ही नाही.

आता ‘स्वेच्छेने’ हा शब्द. भाजीवाल्या काकांना आम्ही विचारलं, तुम्ही का आलात? म्हणाले, सर, वर्षभर गोळ्या फुकट, पट्ट्या फुकट, तपासणी फुकट, वर जाण्यायेण्याचं भाडं. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत याला अवाजवी प्रलोभन म्हणून भुवया उंचावतात. म्हणून मग सहभागींना फार पैसे देऊ नयेत, त्यांची इच्छा गढूळ होईल, अशी काळजी घेतली जाते. आम्हाला या काळजीचं हसू येतं. संशोधकाला मानधन मिळतं, रुग्णालयाला दर रुग्णामागे रक्कम मिळते, कंपनी तर नफ्यासाठीच उभी आहे. त्यांच्या इच्छा गढूळ होत नाहीत. फक्त ज्याचं रक्त जातं त्याचीच इच्छा तेवढी नितळ राहिली पाहिजे. काकांची फुकट पट्ट्यांची इच्छा ही खोटी इच्छा आहे असं आम्ही म्हणणार नाही. ती अगदी विचारपूर्वक होती. पट्ट्या विकत घ्यायला लागू नयेत अशी व्यवस्था असती तर मात्र ते आले नसते, आणि ते पत्रकात लिहायला जागा नाही.

किमतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०१९च्या नियमांच्या सातव्या अनुसूचीत चाचणीमुळे मृत्यू आला तर भरपाई किती याचं सूत्र आहे. आठ लाखांना वयाच्या गुणकाने गुणायचं, मग धोक्याच्या गुणकाने, आणि ९९.३७ने भागायचं. वय पासष्टच्या वर गेलं की वयाचा गुणकच ९९.३७, म्हणजे गुणून भागून एक. धोक्याचा गुणक मरणपंथाला लागलेल्यासाठी अर्धा, निरोगी माणसासाठी चार. सौम्य धोक्याचा म्हणून तीन धरला तर आमच्या वयाचा मधुमेही चोवीस लाखांचा, आणि आमच्याच वयाचा निरोगी शेजारी बत्तीस लाखांचा. कांटने सांगितलं की वस्तूंना किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. कायद्याला मात्र आकडा लागतोच, आणि सूत्र नसण्यापेक्षा असलेलं बरं; त्याआधी काय चालायचं ते आठवा. आमची तक्रार इतकीच की हे सूत्र आमच्या सतरा पानांत नव्हतं. ‘नियमानुसार भरपाई देण्यात येईल’ होतं. पुन्हा ‘देण्यात येईल’.

आणि चाचणी संपल्यावर? गोळी गुणकारी ठरली तर ती मिळत राहील का? नियम सांगतो: संशोधकाने शिफारस केली, नीतिसमितीने मान्यता दिली, तर मोफत मिळेल, पण त्या आजारावर दुसरा पर्यायी उपचार नसेल तरच. मधुमेहावर पर्याय नाही असं कधी होणार? पन्नास गोळ्या आहेत. म्हणजे मधुमेह्याला हा हक्क कागदावर आहे आणि हातात कधीच येणार नाही.

मधुमेहाच्या चाचणीत आणखी एक गोष्ट होते, तिच्याविषयी पत्रक गप्प आहे. वर्षभर कुणीतरी दर महिन्याला तुमची वाट पाहत असतं. वही तपासतं. ‘काका, परवा रात्री साखर ६५ कशी झाली? जेवला नव्हता का?’ असं विचारतं. आहारतज्ज्ञ भाकरी किती, भात किती ते लिहून घेते. प्लासिबो घेणाऱ्यांचीही साखर थोडी उतरते, हे अशा चाचण्यांत वारंवार दिसतं, त्याला आम्हाला तरी नवल वाटत नाही. आमचा एचबीएवनसी ८.१ वरून ७.४ झाला. गोळीने झाला की विचारपूस होत होती म्हणून, हे आम्हाला माहीत नाही. चाचणी संपली, विचारपूस थांबली, सहा महिन्यांत तो होता तिथे आला. ‘आपणास प्रत्यक्ष फायदा होईलच असे नाही’ असं पत्रकात दोनदा छापलं होतं. जो फायदा नक्की होणार होता आणि मग नक्की काढून घेतला जाणार होता, त्याचा उल्लेख एकदाही नव्हता.

काका चौथ्या महिन्यात गेले. म्हणजे चाचणीतून गेले, प्रकृती ठणठणीत आहे. पत्रकातलं सगळ्यात सुंदर वाक्य आम्हाला विचाराल तर हे: ‘आपण कोणतेही कारण न देता कोणत्याही वेळी बाहेर पडू शकता.’ सगळ्या मजकुरात कर्ता जागेवर असलेलं हेच एक वाक्य. काकांनी ते खरं धरलं. तीन वेळा फोन आला, कारण काय? संशोधनाच्या बाजूने पाहिलं तर त्यांनाही अडचण असते, माणसं का गळतात हे कळलं नाही तर आकडे लंगडे होतात. पण कारण न देता म्हणजे न देता. कारण त्यांनी आम्हाला सांगितलं. पहाटे तीनला उठून यार्डात जाणाऱ्या माणसाने नऊ वाजेपर्यंत उपाशी राहायचं, तेही साखरेच्या गोळ्या घेऊन, आणि त्या दिवशीचा माल तसाच राहणार. भेटी कामाच्या वेळी ठेवल्यावर कामाचा माणूस गळणारच. उरतात आमच्यासारखे पेन्शनर, आणि औषध उद्या दिलं जाणार त्याला.

हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात २०२४ साली एक शब्द बदलला. प्रयोगाचा ‘विषय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द काढून ‘सहभागी’ या अर्थाचा घातला. मराठी पत्रकांनी ‘सहभागी’ आधीपासूनच घेतला आहे, याचं आम्हाला बरं वाटतं. पण शब्द घेतला की त्याचं ओझंही घ्यावं लागतं. भाग म्हणजे वाटा. वाट्याने शेती करणाऱ्याला पीक किती निघालं ते सांगावं लागतं. आम्हाला कळवू म्हणाले होते. दोन वर्षं झाली. देशातल्या चाचण्यांची नोंदवही २००७ साली सुरू झाली, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. तिथे आम्ही आमची चाचणी शोधली. सापडली. इंग्रजीत. सही मराठीत घेतली, त्यासाठी अनुवादक नेमला, अनुवाद अचूक आहे याचं प्रमाणपत्र लावलं. निकालाचा मराठीत अनुवाद करायची पाळी कुणावर येत नाही.

जाता जाता आमच्या व्यवसायापुरतं. नीतिसमितीत कोण असावं याच्या यादीत वैद्यकाबाहेरच्या एका सदस्यासाठी नियमांनी जी उदाहरणं दिली आहेत त्यांत समाजशास्त्रज्ञाबरोबर तत्त्वज्ञाचंही नाव आहे. कायद्याने आपल्यासाठी एक खुर्ची ठेवली आहे आणि आपण विद्यापीठांतून विभाग बंद पडतात म्हणून रडत बसलो आहोत. सामान्य माणसासाठीही एक खुर्ची आहे. त्या खुर्चीवरच्या माणसाने दुसरं काही न करता मराठी पत्रक मोठ्याने वाचावं, आणि जिथे जीभ अडखळेल तिथे थांबवावं. ‘यादृच्छिक’पाशी सुरुवात करता येईल.

मागच्या महिन्यात आम्हाला दुसऱ्या एका चाचणीसाठी विचारलं. पत्रक घरी आणलं, एकवीस पानांचं आहे. समासात चार प्रश्न लिहिले: समजावून कोण सांगणार, भरपाईचं सूत्र काय, भेटी संध्याकाळी ठेवता येतील का, आणि निकाल मराठीत कोण कळवणार. ते पाठवून दिले आहेत. उत्तर आलं की सहीचं बघू.

बरं, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या बाईंनी मघापासून हात वर केला आहे, आधी त्या.